पहिल्या गोधडीचा नमुना निवडताय? या चुका टाळा

बाग प्रिंटचा (धार जिल्ह्यातल्या बाग गावची ठशांची छपाई) अर्धा मीटर, जुन्या महेश्वरीचा काठ, चंदेरीच्या ओढणीतून उरलेला पट्टा, उज्जैनच्या भैरवगढहून आणलेलं बाटिक. इंदूरच्या मराठी घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात असं एखादं बोचकं असतंच. कापड इतकं देखणं असतं की कातरी लावायचा धीर होत नाही. मग एके दिवशी मोबाईलवर एखादी चांदण्या-त्रिकोणांची गोधडी दिसते, तोच नमुना उचलला जातो आणि महिन्याभराने हातात येते ती गोधडी, जिच्यात ना बाग प्रिंटची वेल दिसते ना बाटिकची मेणाच्या तड्यांची नक्षी.

शिलाई वाईट असते असं नाही. नमुना कापडाला जुळणारा नसतो, एवढंच. देखणं कापड दाखवायचं असेल तर आधी कापड पसरा, बुट्टी मोजा आणि मग नमुना ठरवा. हा क्रम उलटा झाला की पुढची बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.

बुट्टी न मोजता तुकड्याचा आकार ठरवणं

बाग प्रिंटमधली एखादी मोठी बुट्टी सहज ४-५ इंचांची असते. नमुन्यातला तुकडा अडीच इंचांचा असला तर त्यात बुट्टीचा एक कोपरा येईल, शेजारच्या तुकड्यात नुसतं देठ. लांबून पाहिलं तर लाल-काळा गोंधळ. उलट, बारीक ठिपक्यांचं कापड १० इंचांच्या चौकोनात घातलं तर ते जवळपास साधंच दिसतं, मग एवढं शोधून आणलेलं कापड वाया गेल्यासारखं वाटतं.

यावर स्वस्त उपाय आहे. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यात ६ इंचांची चौकोनी खिडकी कापा आणि ती कापडावरून सावकाश फिरवा. खिडकीत जे दिसतं तेच गोधडीत दिसणार आहे. बुट्टी पूर्ण मावून भोवती थोडी मोकळी जागा राहिली तर आकार बरोबर. कापली जात असेल तर ८ इंचांची खिडकी करून पाहा. कापताना मात्र चारही बाजूंना पाव इंच माया (शिवणीत जाणारं कापड) धरायची: ६ इंचांचा चौकोन हवा असेल तर ६.५ इंचांचा कापायचा. पहिल्या गोधडीत सर्वाधिक कापड वाया जातं ते नेमकं हे विसरल्यामुळे.

चांदणीपासून सुरुवात करणं

१२ इंचांची साधी चांदणीसुद्धा १७ तुकड्यांची असते. मधला चौकोन ६ इंचांचा, बाकी सोळा तुकडे लहान, त्यांतले बारा त्रिकोण. त्रिकोणाची एक तरी बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी येते, आणि उरेब कडा इस्त्री फिरवली तरी ताणली जाते. नवशिक्याच्या हातून टोकं छाटली जातात आणि ब्लॉक (तुकडे जोडून झालेला चौकोन) कपबशीसारखा फुगतो. शिवाय देखण्या कापडाचे इतके तुकडे करून दाखवायला उरतं काय?

पहिल्या गोधडीला सरळ कडांचे नमुने घ्या. आमची पहिली पसंती एक चौकोन छापील, एक चौकोन साधा, बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी. ४८ बाय ६० इंचांच्या गोधडीला ६ इंचांचे ८ आडवे, १० उभे, म्हणजे ८० चौकोन लागतात. ४० छापील, ४० साधे. आठ वेगवेगळी प्रिंट घेतली तर प्रत्येकातून पाचच चौकोन. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात ६.५ इंचांच्या एका आडव्या पट्टीतून सहा चौकोन निघतात, त्यामुळे प्रत्येक प्रिंट पाव मीटरसुद्धा पुरतं. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत किंवा शीतलामाता बाजारात पाव मीटर मागितलं तर पुष्कळ दुकानदार कातरी उचलत नाहीत, तेव्हा अर्धा मीटर धरून चाला. उरलेलं गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला कामी येतं. साधं कापड दीड मीटर.

कापडं एकमेकांशी भांडत असतील, म्हणजे बागच्या शेजारी बाटिक, त्याच्या शेजारी खण, तर चौकट घातलेला नमुना जास्त शोभतो. ६.५ इंचांच्या छापील चौकोनाला दीड इंच रुंदीच्या साध्या पट्ट्या: आधी दोन बाजूंना ६.५ इंचांच्या, मग उरलेल्या दोन बाजूंना ८.५ इंचांच्या. तयार ब्लॉक ८ इंचांचा होतो. सहा आडवे, सात उभे असे ४२ ब्लॉक लावले की ४८ बाय ५६ची गोधडी. चौकटीला दीड मीटर कापड ठेवा. प्रत्येक प्रिंट भिंतीवरच्या तसबिरीसारखं वेगळं उठून दिसतं, आणि चुकलेल्या ब्लॉकची कड बाहेरच्या पट्टीतून थोडी छाटून सावरताही येते.

महेश्वरी किंवा खणाचे काठ असतील तर चौकोन करूच नका. काठाचं सौंदर्य लांबीत आहे. त्याचे ६-६ इंचांचे तुकडे पाडण्यापेक्षा पूर्ण लांबीची उभी पट्टी ठेवा आणि दोन काठांमध्ये साध्या कापडाची रुंद पट्टी घ्या. महेश्वरीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी वापरता येण्यासारखा विणलेला असतो, त्यामुळे उलटी बाजू वर आली तरी बिघडत नाही.

नऊ चौकोनांच्या नमुन्यात लाडकं कापड मधोमध ठेवणं

हा नमुना सोपा म्हणून फार चालतो: पाच-पाच इंचांचे नऊ चौकोन जोडायचे, १४ इंचांचा ब्लॉक होतो, तो मधोमध उभा-आडवा कापून सात-सात इंचांचे चार तुकडे करायचे आणि फिरवून पुन्हा जोडायचे. दिसतं छान. पण कातरी चालते ती मधल्या चौकोनावरून. त्याचे चार तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा शेवटी फक्त २ इंच उरतो. मधल्या बाजूंचे चौकोन अर्धे होतात. चार कोपरे तेवढे शाबूत, साडेचार इंचांचे. म्हणून देखणं कापड कोपऱ्यांत, साधं किंवा बारीक ठिपक्यांचं मध्ये. अनेकजणी हौसेने याच्या उलट करतात आणि चौथ्या ब्लॉकला लक्षात येतं.

आवडलेलं सगळंच एका गोधडीत घालणं

डोळ्याला टेकायला जागा लागते. सगळीच कापडं भरगच्च असतील तर एकही दिसत नाही. ढोबळ हिशेब असा: अर्धं क्षेत्र साधं, उरलेल्या अर्ध्यात दोन-तीन मोठी प्रिंट आणि बाकी बारीक.

साधा रंग निवडताना पांढराशुभ्र सहसा टाळा. बाग प्रिंटचं कापड छपाईआधी हिरड्याच्या पाण्यात बुडवलेलं असतं, त्याची जमीन (नक्षीमागचा रंग) किंचित पिवळसर, कोऱ्या मांजरपाटासारखी असते. शेजारी शुभ्र कापड आलं की तीच जमीन मळकट वाटते. कोरा, मातकट किंवा त्याच प्रिंटमधला काळा लावा.

गडद-फिक्याचा अंदाज रंगांमुळे फसतो. लाल आणि हिरवा डोळ्याला फार वेगळे वाटतात, पण दोघांचा गडदपणा सारखा असेल तर गोधडीत एकमेकांत मिसळून जातात. कापडं शेजारी मांडून मोबाईलने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. सगळं एकाच करड्या रंगात दिसलं तर मध्यम गडद कापडांपैकी एक काढा आणि एक खूप फिकं आणा.

दिशा न बघता कापणं

हत्ती, मोर, कोयऱ्या, वरच्या दिशेने जाणाऱ्या वेली या सगळ्यांना डोकं आणि पाय असतात. पट्टी आडवी कापून चौकोन पाडले आणि शिवताना फिरवले तर अर्धे हत्ती आडवे झोपतात. दिशा असलेल्या कापडाच्या प्रत्येक चौकोनाच्या वरच्या कडेला उलट्या बाजूने खडूने छोटा बाण काढा. अशा कापडाला थोडं जास्त माप धरा, कारण बुट्टी मधोमध आणायला मधलं कापड सोडावं लागतं.

न धुता शिवणं

सर्वात महाग पडणारी चूक हीच. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, आणि प्रत्येक कापड वेगळं आटतं. परीक्षा अशी: कापडावर १० बाय १० इंचांची खूण करा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. एक कापड पावणेदहा आणि दुसरं साडेनऊ भरलं तर न धुता शिवलेली गोधडी पहिल्याच धुण्यात सुरकुतणार.

रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून कापडावर अर्धा मिनिट घासा. रुमालावर लाल आलं तर कापड वेगळं धुवा, पाणी नितळ होईपर्यंत. मीठ किंवा व्हिनेगर टाकलं की रंग पक्का होतो हा समज घरोघरी आहे. तयार रंगवलेल्या कापडावर त्याचा भरवसा धरू नका. तीन-चार धुण्यांनंतरही रुमाल रंगत असेल तर ते कापड फिक्या कापडाशेजारी लावू नका.

बाटिकमध्ये मेण राहिलेलं असू शकतं. इस्त्री करताना वर-खाली कोरा कागद ठेवा, मेण त्यात उतरेल. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

चंदेरी आणि रेशमी महेश्वरी सुती कापडाबरोबर धुऊ नका. ही कापडं निसटतात, धागे सुटतात. कापण्याआधी उलट्या बाजूने पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) मंद इस्त्रीने चिकटवा, वर सुती रुमाल ठेवून. जरीवर तापलेली इस्त्री थेट टेकवायची नाही. हल्लीच्या बऱ्याच जरीत प्लास्टिकचा अंश असतो, ती आकसते. सुई ११ नंबरची. सुती कापड आणि थरांसाठी १४.

पाव इंचाकडे दुर्लक्ष

आठ चौकोनांच्या ओळीत सात शिवणी येतात. प्रत्येक शिवण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त खाऊ लागली तर ओळ पाऊण इंचाहून जास्त आखूड होते. शेजारची ओळ दुसऱ्या दिवशी, जरा वेगळ्या हाताने शिवलेली असते. मग कोपरे जुळत नाहीत.

साध्या मशीनच्या फुटाची कड म्हणजे पाव इंच असं धरून चालू नका. सुई हाताने खाली आणा, तिच्यापासून उजवीकडे पट्टीने पाव इंच मोजा आणि तिथे मशीनच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टी लावा. कापड तिला टेकवून चालवा. मग दीड-दीड इंचांच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवून इस्त्री करा. मधली बरोबर १ इंच आणि तिन्ही मिळून साडेतीन इंच भरल्या पाहिजेत. मधली कमी भरली तर चिकटपट्टी किंचित सुईकडे सरकवा.

इस्त्री घासू नका, उचलून ठेवा. पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडे, दुसरीच्या डावीकडे दाबा, मग जोडताना त्या एकमेकींत अडकून बसतात. फिक्या कापडाखालून लाल माया दिसू नये म्हणून बुद्धिबळाच्या पटात सगळ्या शिवणी गडद कापडाकडे दाबल्या की हे दोन्ही आपोआप साधतं.

भर आणि टाके

इंदूरच्या थंडीला जाड कापसाची गरज नसते; जुन्या सुती साडीचे दोन थर पुरतात. भर आणि अस्तर वरच्या भागापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठं हवं, म्हणजे ४८ बाय ६०च्या गोधडीला ५२ बाय ६४. साडेपाच मीटरच्या साडीतून ५२ इंचांचे चार तुकडे निघतात, दोन-दोन जोडले की दोन थर झाले. अस्तराला ४४ पन्ह्याचं पावणेतीन मीटर कापड, मध्ये एक जोड. जोडाच्या जागची किनार आधी कापून टाका, ती घट्ट असते आणि ओढ धरते. गोटाला अडीच इंचांच्या सहा पट्ट्या, म्हणजे ४० सेंटिमीटर.

पिंजलेला कापूस घातलात तर टाक्यांच्या ओळी दोन-तीन इंचांच्या आतच ठेवा, नाहीतर धुताना गोळे होतात. थर जमिनीवर अंथरून मधून बाहेर, तळहाताएवढ्या अंतरावर कच्चा टाका घाला. हे टाळलं की अस्तराला चुण्या पडतात आणि त्या शेवटीच दिसतात.

भरगच्च प्रिंटवर बारीक नक्षीचे टाके घालणं म्हणजे मेहनत लपवणं. प्रिंटवर नुसता कडेने सरळ धावदोरा. हौस साध्या चौकोनांवर करा, तिथे टाका उठतो.

तरी बिघडलंच तर

कोपरे एक-दोन सुतांनी चुकले असतील तर सगळी ओळ उसवू नका. चुकलेल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना इंचभर उसवा, कोपऱ्याला टाचणी लावा आणि जास्तीचं कापड हलकेच सामावत शिवा. पाव इंचापेक्षा जास्त फरक असेल तर चूक नुसती शिवणीत नसेल, कापण्यातही असू शकते. तुकडे पुन्हा मोजा.

गोधडीची कड लाटेसारखी होत असेल तर बहुधा कडेची पट्टी न मोजता लावत गेलात. पट्टीची लांबी गोधडीच्या मधोमध मोजून कापा आणि कड तिच्यात बसवा.

मांडणी पूर्ण झाल्यावर प्रिंट हरवल्यासारखं वाटलं तर शिवण्याआधीच प्रत्येक भरगच्च चौकोनाशेजारचा चौकोन बदलून पाहा. जमिनीवरच्या चादरीवर हे दहा मिनिटांचं काम आहे.

धुताना लाल रंग फिक्यावर उतरला तर घाबरून वाळत घालू नका. उन्हात वाळला की डाग बसतो. ओली असतानाच मोठ्या टबात भरपूर पाणी आणि थोडा सौम्य साबण घालून पूर्ण बुडवून ठेवा, काही तासांनी पाणी बदला आणि रंग येणं थांबेपर्यंत हेच करत राहा.