नोकरी सांभाळून क्लेप द्यायची तर: तयारीची यादी

अमेरिकेतल्या कॉलेजात पदवीचा अभ्यास क्रेडिटांत मोजतात; तीन क्रेडिटचा एक कोर्स घेतला की साधारण पंधरा आठवडे, आठवड्याला तीन तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट घरचा अभ्यास असा हिशेब धरलेला असतो. बेरीज १३५ तास. कॉलेज बोर्ड ही संस्था क्लेप (कॉलेज-लेव्हल एक्झॅमिनेशन प्रोग्रॅम) नावाची परीक्षा घेते; तिच्यात कोर्स न करता तीच तीन क्रेडिटं दीड तासाच्या एका बैठकीत पदरात पडू शकतात, म्हणून नोकरी करत पदवी पुरी करू पाहणाऱ्यांचा तिच्याकडे ओढा असतो. मग महिने जातात, पुस्तक कपाटावरच राहतं आणि कारण एकच ऐकू येतं, वेळच मिळत नाही. मला विचाराल तर वेळ शोधायला निघण्याआधी अभ्यास कमी करावा. पुढची यादी त्याच क्रमाने लावली आहे.

सुरुवात कॉलेजपासून. रजिस्ट्रारच्या पानावरचा क्लेपचा तक्ता काढा आणि बघा: तुमचा विषय ते घेतात का, किती गुण मागतात, आणि क्रेडिट नेमकं कुठे जमा होतं. गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस बहुतेक विषयांना ५०ची आहे, पण काही कॉलेजं त्याहून जास्त मागतात. 'कुठे जमा होतं' हे बघायचं राहून जातं. समाजशास्त्राची तीन क्रेडिटं मिळाली, पण ती इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे ऐच्छिक विषयांत, गेली आणि तुमची इलेक्टिव्हं आधीच भरलेली होती, तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून अॅडव्हायझरला ईमेलनेच विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी दिलेलं 'नो प्रॉब्लेम' पुढच्या सेमिस्टरला कुणाला आठवत नाही. ट्रेंटनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी किंवा कनेक्टिकटचं चार्टर ओक स्टेट कॉलेज ही मुळात नोकरदार प्रौढांसाठीच काढलेली, तिथे परीक्षेने मिळवलेली क्रेडिटं बरीच चालतात. नामांकित विद्यापीठं हात आखडता घेतात. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर क्लेपची क्रेडिटं पूर्णवेळ नोंदणीच्या हिशेबात धरत नाहीत, तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाशी बोलल्याशिवाय एखादा कोर्स सोडू नका.

आपल्याकडून बी.कॉम. करून आलेल्यांची गोष्ट थोडी निराळी. तीन वर्षांची भारतीय पदवी इथल्या मूल्यमापनात बऱ्याचदा ९० क्रेडिटांच्या आसपास बसते, आणि सीपीएच्या (इथल्या सनदी लेखापालाच्या) परवान्याची अट बरीच वर्षं सगळीकडे १५० क्रेडिटांची होती; काही राज्यांत ती आता बदलली आहे. मधली दरी भरायला क्लेप स्वस्त पडते, पण ही क्रेडिटं कशी मोजायची हे प्रत्येक राज्याचं अकाउंटन्सी बोर्ड आपलं आपण ठरवतं. त्या बोर्डाचे नियम वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

आता विषय. इथे खरे तास वाचतात. तिसाहून जास्त विषय आहेत, त्यातला जो तुम्हाला नोकरीने किंवा आयुष्याने आधीच अर्धा शिकवलाय तो पहिला घ्या. हिशेबाच्या कामात असाल तर फायनान्शियल अकाउंटिंग, आयटीत असाल तर इन्फर्मेशन सिस्टिम्स, चार माणसं हाताखाली असतील तर प्रिन्सिपल्स ऑफ मॅनेजमेंट. रेस्टॉरंटच्या किचनमध्ये किंवा गोदामात स्पॅनिश बोलणाऱ्या सहकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं काम केलेल्यांनी स्पॅनिशच्या परीक्षेकडे जरूर बघावं. भाषांच्या परीक्षांना बहुधा तीनपेक्षा जास्त क्रेडिटं मिळतात, आणि ऐकण्याचा सराव तुमचा रोज होतोच आहे. उलट अमेरिकेचा इतिहास. इथे शाळा शिकलेल्यांना तो लहानपणापासून ओळखीचा, आपल्याला सिव्हिल वॉरच्या आधीची नावंसुद्धा नव्याने पाठ करायची. तो विषय सक्तीचा असेल तर शेवटी ठेवा.

विषय ठरला की काहीही न वाचता एक सराव परीक्षा सोडवा. घड्याळ लावून, पूर्ण. हे सगळ्यांना जिवावर येतं, पण अभ्यासाच्या चाळीसेक तासांतले (हा हिशेब पुढे येतो) पंधरा इथेच वाचू शकतात. कॉलेज बोर्ड प्रत्येक विषयाच्या पानावर कोणत्या घटकाला किती टक्के भार ते देतं. तुमची चुकलेली उत्तरं त्या टक्क्यांशेजारी मांडा. जिथे भार मोठा आणि चुका जास्त, तेवढंच अभ्यासाचं पुस्तक. ज्यात बरं चाललंय ते पुन्हा वाचण्याचा मोह आवरा. कॉलेजच्या तक्त्यात ५० पुरत असतील, तर ५२ आणि ७२ मिळवणाऱ्याला क्रेडिटं तेवढीच. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा सरावातसुद्धा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

मग तारीख. अभ्यास झाला की तारीख घेऊ म्हणणाऱ्याची परीक्षा होत नाही. नोंदणीचं तिकीट सहा महिने चालतं. परीक्षा केंद्र बहुधा जवळचं कम्युनिटी कॉलेज असतं आणि अनेक केंद्रं फक्त कामाच्या दिवशी, दिवसाच परीक्षा घेतात. म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा लागणार, ती आत्ताच मागून ठेवा. तारीख निवडताना ऑफिसचं कॅलेंडर समोर हवं. टॅक्सचं काम असेल तर जानेवारी ते १५ एप्रिल विसरा. दुकानात असाल तर थँक्सगिव्हिंगपासून ख्रिसमसपर्यंत. महिनाअखेरीचं क्लोजिंग, सॉफ्टवेअरचा रिलीज, ऑन-कॉलचा आठवडा हेही त्यात धरा. शिवाय इथे गणपती आणि दिवाळी वीकेंडला सरकतात, आणि मंडळाच्या नाटकाच्या तालमी त्याआधीचे वीकेंड खातात. नापास झालात तर तोच विषय तीन महिने पुन्हा देता येत नाही. क्रेडिटं मे महिन्यात हवी असतील तर पहिली परीक्षा डिसेंबरात बसवलेली बरी.

आता तास मोजा. आठ आठवडे, आठवड्याला पाच तास, म्हणजे चाळीस. ओळखीच्या विषयाला माझ्या अंदाजाने एवढे पुरतात, अनोळखी विषयाला दीडपट धरा. हे पाच तास शोधायला मागच्या आठवड्याचं खरं वेळापत्रक कागदावर लिहा. कसं असायला हवं होतं ते नको, कसं गेलं ते. न्यूजर्सीतल्या मेट्रोपार्क स्टेशनहून न्यूयॉर्कला ट्रेनने जाणाऱ्यांच्या हातात एका बाजूला पाऊण तासाच्या आसपास वेळ पडतो. सकाळची बाजू अभ्यासाला द्या, परतीला झोपलात तरी चालेल. गाडी चालवत जात असाल तर वाचन नाहीच, पण व्याख्यानं ऐकता येतात. गणित मात्र ऐकून येत नाही, त्याला टेबल लागतं. जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास वहीच्या एका पानाइतकाच धरा, कारण सहकारी बोलायला येणारच. रात्री दहानंतरच्या तासावर माझा विश्वास नाही. मुलं झोपल्यावर उघडलेलं पुस्तक तिसऱ्या पानावर मिटतं. त्या वेळी फक्त प्रश्न सोडवा, नवीन काही वाचू नका. रात्रपाळी करणाऱ्यांनी घरी येऊन आधी झोपावं; पाळीनंतर लगेच केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा लागतो.

शनिवार सकाळचं काय करायचं तेही ठरवा, कारण ती बहुतेकांची घरी फोन करण्याची वेळ असते. न्यूयॉर्क-न्यूजर्सीच्या घड्याळाप्रमाणे उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक. सकाळी साडेनऊनंतर फोन केला तरी आई-बाबा जागे असतात. म्हणजे सात ते नऊ मोकळे. हे दोन तास घरात नको, गाडीत किंवा डायनरमध्ये चालतील. टाऊनची लायब्ररी त्या मानाने उशिरा उघडते, पण रविवारी चालू असेल तर तिथली अभ्यासाची खोली आधी राखून ठेवा.

घरच्यांना तारीख सांगा आणि काय बदलणार तेही सांगा. 'मला थोडा अभ्यास आहे' याने काही होत नाही. 'ऑक्टोबरच्या वीस तारखेपर्यंत मंगळवार-गुरुवारचा स्वयंपाक तुमचा' याने होतं. पोळ्या पटेल ब्रदर्ससारख्या भारतीय किराणा दुकानातून आणल्या तर आभाळ कोसळत नाही. सासूबाई इथे आल्या असतील तर मदत मोठी, पण त्यांना डॉक्टरकडे आणि देवळात नेणं हे कामही तुमच्याच यादीत येतं, ते धरून तास मोजा.

साहित्याला फार वेळ देऊ नका. मॉडर्न स्टेट्स या वेबसाइटवर क्लेपच्या विषयांचे कोर्स फुकट आहेत, आणि कोर्स पुरा केल्यावर परीक्षेच्या फीचं व्हाउचर मागता येतं. केंद्राची फी वेगळी असते. ओपनस्टॅक्सची पाठ्यपुस्तकंही फुकट. अनेक लायब्रऱ्यांच्या कार्डावर पीटर्सन्सच्या सराव परीक्षा मिळतात. यांपैकी दोन निवडा, तिसरं उघडू नका. ऑफिसात शिक्षणखर्चाची योजना असेल तर परीक्षेची फी त्यात बसते का ते एचआरला एका ओळीत विचारा.

परीक्षेच्या दोन आठवडे आधी नाव तपासा. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते आद्याक्षर होतं किंवा गळून पडतं, आणि कॉलेज बोर्डाचं खातं आपण घाईत काढलेलं असतं तिसऱ्याच रूपात. तिकिटावरचं नाव आणि दाखवणार त्या ओळखपत्रावरचं नाव एक हवं. दुसरं ओळखपत्र लागतं का हेही केंद्राला फोन करून विचारा. नोंदणी करतानाच आपलं कॉलेज निवडलं की गुण तिथे फुकट जातात, नंतर पाठवायचे तर पैसे पडतात. गणितासारख्या काही विषयांना कॅल्क्युलेटर पडद्यावरच मिळतो, त्याची बटणं घरी आधी हाताळून बघा.

परीक्षेच्या आदल्या रात्री पाळी असेल तर बदली मागून ठेवा. परीक्षा संपली की बहुतेक विषयांचे गुण तिथेच पडद्यावर दिसतात. कॉलेज कंपोझिशनमध्ये निबंध तपासायचे असल्याने थांबावं लागतं. महिन्याभरात क्रेडिट कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) चढलं का ते बघा, आणि नसेल तर सुरुवातीचा तो ईमेल जोडून रजिस्ट्रारला लिहा.