ब्रिटनमधून परतलेल्यांसाठी: ऐच्छिक अंशदान भरून तिथले स्टेट पेन्शन कसे मिळवावे

ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षे नोकरी करून पुण्या-मुंबईला परतलेल्या अनेकांची अशी समजूत असते की, तिथे पगारातून कापले गेलेले नॅशनल इन्शुरन्सचे (तिथल्या सरकारी सामाजिक विम्याच्या अंशदानाचे) पैसे बुडाले. ते पैसे परत मिळत नाहीत हे खरे. परंतु त्यांची नोंद कायम राहते आणि भारतात राहूनही ऐच्छिक अंशदान भरून तिच्यात भर घालता येते. एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या नव्या स्टेट पेन्शनसाठी (सरकारी निवृत्तिवेतनासाठी) किमान १० पात्र वर्षे, म्हणजे पुरेशा अंशदानाची नोंद असलेली वर्षे, लागतात, आणि ज्यांची नोंद त्यानंतरच सुरू झाली त्यांना पूर्ण पेन्शनसाठी ३५ लागतात. २०२५-२६ मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होते, म्हणजे एका पात्र वर्षामागे सुमारे साडेसहा पौंड. मात्र नऊ वर्षांवर काहीही मिळत नाही आणि भारतातल्या नोकरीची वर्षे त्यात धरली जात नाहीत. त्यामुळे आपल्याला दहाचा आकडा गाठता येतो का, हेच सर्वांत आधी पाहावे.

त्यासाठी आपला नॅशनल इन्शुरन्स क्रमांक शोधून (तो जुन्या पे-स्लिपवर किंवा पी६० या वार्षिक पगार-कर दाखल्यावर असतो) ब्रिटिश करखात्याकडून, म्हणजे एचएमआरसीकडून, वर्षवार नोंद मिळवावी. ही नोंद ऑनलाइन पाहता येते. ते न जमल्यास पत्राने मागवावी. तिथले करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असते. परतण्याचे वर्ष अर्धवट गेले असे आपणहून धरू नये, कारण नोकरदाराचे वर्ष पात्र ठरते ते वर्षभरातल्या कमाईवर. २०२५-२६ साठी ही मर्यादा ६,५०० पौंड होती. चांगला पगार असलेल्याची ती दोन-तीन महिन्यांतच पूर्ण होते. थोडी कमाई कमी पडली असेल, तर तेवढ्याच आठवड्यांचे अंशदान भरून ते वर्ष पूर्ण करता येते, आणि माझ्या मते पैसे घालण्याची सर्वांत पहिली जागा हीच आहे.

परदेशातील काळासाठीचे नियम ६ एप्रिल २०२६ पासून कडक झाले आहेत. त्या तारखेनंतरच्या काळासाठी क्लास २ हा ऐच्छिक अंशदानाचा स्वस्त प्रकार बंद झाला असून, क्लास ३ हा महाग प्रकार भरण्यासाठी पूर्वीच्या तीनऐवजी ब्रिटनमधील सलग दहा वर्षांचे वास्तव्य किंवा दहा वर्षांचे अंशदान ही सर्वसाधारण अट आली आहे. त्याआधीच्या काळाला मात्र जुनेच नियम लागू आहेत: सलग तीन वर्षांचे वास्तव्य किंवा तीन वर्षांचे अंशदान असले की क्लास ३ भरता येतो, आणि ब्रिटन सोडण्याच्या लगेच आधी तिथे काम करत असलेल्या व परदेशातही काम करणाऱ्या व्यक्तीला क्लास २ मिळू शकतो. घर सांभाळणाऱ्या जोडीदाराला क्लास २ मिळत नाही. मागची साधारण सहाच वर्षे भरता येतात. २०२०-२१ ची मुदत ५ एप्रिल २०२७ रोजी संपते.

समजा, एखाद्याची २०१६ ते २०२० ही चार वर्षे पात्र आहेत. २०२०-२१ ते २०२५-२६ ही सहा वर्षे भरली की बरोबर दहा होतात आणि २०२५-२६ च्या दराने वर्षाला सुमारे ३,४२० पौंडांचे पेन्शन ठरते. क्लास ३ चा २०२५-२६ चा दर आठवड्याला १७.७५ पौंड होता, म्हणजे सहा वर्षांचे जास्तीत जास्त साडेपाच हजार पौंडांच्या आसपास. क्लास २ चा दर ३.५० पौंड होता, म्हणजे साधारण अकराशे. अशा माणसाने २०२०-२१ ची मुदत चुकवली, तर त्याचा दहाचा आकडाच हुकतो.

अर्ज सीएफ८३ या नमुन्यात करावा लागतो. त्यात ब्रिटनमधील पत्ते, नोकऱ्या आणि देश सोडल्याची तारीख द्यावी लागते. म्हणून जुने पासपोर्ट, पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा दाखला) आणि पी६० समोर ठेवूनच तो भरावा. क्लास २ ला आपण पात्र आहोत असे वाटत असेल, तर तो स्पष्टपणे मागावा. उत्तर यायला काही महिने लागू शकतात. एचएमआरसीने कोणती वर्षे, किती रक्कम आणि कोणता अठरा अंकी संदर्भ क्रमांक हे कळवल्याखेरीज एक पौंडही पाठवू नये. पाठवताना मधल्या बँकेचे शुल्क आपल्याकडेच लावून घ्यावे, म्हणजे रक्कम तिथे पूर्ण पोहोचते. २०१६ पूर्वीची नोंद असलेल्यांनी, विशेषतः एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) काम केलेल्यांनी, प्रत्येक नव्या वर्षाने पेन्शन खरोखर वाढते का, हे आपल्याला किती पेन्शन मिळेल याच्या सरकारी अंदाजावरून (फोरकास्टवरून) आधी तपासावे.

दोन गोष्टी मनाशी धरूनच निर्णय घ्यावा. भारतात राहणाऱ्याचे पेन्शन सुरू होताना जितके असते तितकेच पुढे राहते, तिथल्यासारखी वार्षिक वाढ मिळत नाही; आणि पेन्शनचे वय येण्याआधी मृत्यू झाला, तर भरलेले पैसे वारसांना परत मिळत नाहीत. पूर्वी ६६ असलेले पेन्शनचे वय एप्रिल २०२६ पासून टप्प्याटप्प्याने वाढत २०२८ पर्यंत ६७ होणार आहे. ते वय झाले म्हणून पेन्शन आपोआप सुरू होत नाही. चार महिने आधीपासून ब्रिटनच्या इंटरनॅशनल पेन्शन सेंटरकडे मागणी अर्ज करता येतो, आणि तोवर आपला बदललेला पत्ता एचएमआरसीला कळवत राहावा.