बाइक चालवताना हात बधिर होतात? या चुका टाळा

तासभर बाइक चालवली की आधी बोटांना मुंग्या येतात, मग हात जड पडतो आणि शेवटी ब्रेक किती दाबला तेच कळेनासं होतं. मग खरेदी सुरू होते: जेलचे ग्लोव्हज, फोमच्या ग्रिप, हँडलच्या टोकांना लावायची वजनं. त्याआधी फुकटात होणारं एक काम मात्र राहून जातं. कोणती बोटं बधिर होतात, एक हात की दोन्ही, आणि ठरावीक वेगालाच का, एवढं पुढच्या फेरीत लक्षात ठेवा. बहुतेक वेळा दोष कुठे आहे ते त्यावरून कळतं.

सगळी बोटं सारखीच समजणं

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू ‘मीडियन’ नसेच्या ताब्यात असते. ही नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाते आणि त्याच बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडराही (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) जातात. मनगट वर किंवा खाली मुडपलं, त्यात मूठ घट्ट आवळली, की नसेवरचा दाब वाढतो. म्हणजे ही बोटं बधिर होत असतील तर संशय मनगटाच्या कोनावर आणि पकडीवर घ्या.

करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू ‘अल्नर’ नसेची. तळहाताच्या करंगळीकडच्या बुडाशी ती वरवरच असते, त्यामुळे तिथे अंगाचा भार पडला की ती दबते. कोपर फार वेळ दुमडलेलं राहिलं तरीही तिला त्रास होतो.

हँडलवर रेलणं

सगळ्यांत जास्त आढळणारी चूक हीच, आणि करणाऱ्याला ती बहुधा कळतही नाही. मोकळ्या, सरळ रस्त्यावर सावकाश जाताना हँडल न सोडता दोन्ही कोपरं थोडी वरखाली करून पाहा. सहज हलली तर ठीक. ताठ अडकलेली असतील, तर तुमचे हात बाइक वळवायच्या ऐवजी तुम्हाला तोलून धरताहेत.

भार पोटाच्या स्नायूंनी आणि मांड्यांनी घ्यायचा असतो. गुडघ्यांनी टाकी हलकेच धरा, विशेषतः ब्रेक मारताना आणि उतारावर. एवढं करूनही घसरून टाकीशी जात असाल तर सीट पुढे उतरती आहे का बघा. तशा सीटवर कितीही सरळ बसा, घसरणं हातांनीच थांबवावं लागतं. हँडल लांब किंवा खाली पडत असेल तर रायझर लावून ते वर आणि जवळ घेता येतं. पण बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा: कुठली वायर किंवा ब्रेकचा पाइप ताणला जातोय का, इंजिनची रेस आपोआप वाढतेय का. वाढत असेल तर तशी बाइक रस्त्यावर काढू नका.

लिव्हर आले तसेच ठेवणं

नेहमीसारखं बसा आणि बोटं सरळ करून ब्रेक-क्लचच्या लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ दिसायला हवी. मनगटात बाक दिसला तर क्लॅम्पचे बोल्ट सैल करा, लिव्हर थोडा वर किंवा खाली फिरवा, परत आवळा. पाच-दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य.

ॲक्सिलरेटरची पकडही याच वेळी सुधारा. तो बंद असताना मनगट सरळ ठेवून मूठ बसवली, तर नेहमीच्या वेगाला ते खाली मुडपतं आणि तासभर तसंच राहतं. म्हणून पकडतानाच मनगट किंचित वर ठेवा.

एकाच हाताच्या दुखण्यावर दोन्ही हातांचा उपाय

फक्त उजवा हात बधिर होत असेल तर ॲक्सिलरेटरची केबल कोरडी पडली असेल. बाइक बंद असताना मूठ फिरवून सोडून द्या, ती झटकन मागे आली पाहिजे. रेंगाळली तर हात राहू दे, आधी तो बिघाड काढा, कारण तो धोक्याचा आहे. फक्त डाव्याची तक्रार असेल तर जड झालेला क्लच तपासा, आणि सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहायची सवय आहे का तेही. न्यूट्रल त्यासाठीच असतं.

व्हायब्रेशनला नशीब समजणं

ठरावीक वेगालाच हात झिणझिणत असतील तर तो वेग सोडा किंवा गिअर बदला. हँडलच्या टोकाची वजनं कंपन मारून टाकत नाहीत. हँडल कोणत्या कंपनाला साथ देतं ते बदलतात, त्यामुळे कधी गुण येतो, कधी त्रास दुसऱ्याच वेगाला सरकतो. पूर्वी नसलेलं व्हायब्रेशन नव्याने आलं असेल तर इंजिनचे फाउंडेशन बोल्ट, हँडलचे क्लॅम्प, चेनचा ताण आणि चाकांचं बॅलन्सिंग तपासून घ्या.

जाड फोम ग्रिपबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. हात लहान असेल तर बोटं पूर्ण वळत नाहीत, मग पकड अजून आवळावी लागते. ग्लोव्हजचंही तसंच: घट्ट माप किंवा तळव्यावर येणारी जाड शिवण असेल तर जेल असून उपयोग नाही. जॅकेटची आवळ बाही आणि पाठीवरच्या जड बॅगेचे खांद्यात रुतणारे पट्टेही तपासा.

बधिर हाताने पुढे रेटणं

हात झटकला की बरं वाटतं, पण चालत्या बाइकवर तो उपाय नाही. बाजूला थांबा, मुठी उघडा-मिटा, खांदे फिरवा. थंडीत बोटं पांढरी पडत असतील तर नुसत्या मुंग्या समजू नका, डॉक्टरांना सांगा.

रात्री हात बधिर होऊन झोपमोड होणं, हातातून वस्तू निसटणं, अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट होणं, ही लक्षणं बाइकची सेटिंग बदलून जाणारी नाहीत. मधुमेह, थायरॉइडचा विकार, बी-१२ची कमतरता किंवा मानेत दबलेली नस हेही कारण असू शकतं. नस मनगटात दबतेय की कोपरात, हे नर्व्ह कंडक्शन तपासणीतून (नसेतून संदेश कसा जातो ते मोजणारी तपासणी) कळू शकतं. आणि अचानक एकाच बाजूचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा स्वतः बाइक चालवत न जाता लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा.