व्यक्तिमत्त्व चाचणीच्या अहवालात ‘प्रकार’ आणि ‘गुणविशेष’ कसे ओळखावेत

अहवाल हाती आला की त्यात माणसाला एखाद्या गटात बसवले आहे की मोजपट्टीवर त्याची जागा दाखवली आहे, हे सर्वप्रथम पाहावे. ‘आपण अंतर्मुख आहात’ असे लिहिले असेल तर तो प्रकार होय. ‘बहिर्मुखतेत आपण शंभरातील चाळीस जणांच्या पुढे आहात’ असे असेल तर तो गुणविशेष. मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ मधील मांडणीवर आधारलेल्या मायर्स-ब्रिग्ज चाचणीत असे सोळा प्रकार आहेत. पंचघटक सिद्धान्त मात्र खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सहमतशीलता आणि भावनिक अस्थिरता हे पाचही गुणविशेष प्रत्येकात कमीअधिक प्रमाणात असतात असे मानतो.

प्रकार सांगितला असेल तर तो ज्यावरून ठरवला ते मूळ गुण, म्हणजे चाचणीत मिळालेले आकडे, मागून घ्यावेत, कारण खरी गफलत तिथेच होते. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या पेढीवरचे दिवाणजी सकाळी सौद्याच्या गर्दीत हळकुंड मोडून दाखवत खरेदीदारांशी मोकळेपणाने बोलतात आणि दुपारी त्याच पेढीवर तासन्‌तास मान वर न करता खतावणी करतात. त्यांना बोलके म्हणावे की अबोल? बहुतेकांचे गुण असेच मध्याच्या आसपास असतात. त्यामुळे पन्नासवर रेघ ओढली की अठ्ठेचाळीस आणि बावन्न गुणांची जवळपास सारखी माणसे विरुद्ध गटांत जातात, तर बावन्न आणि पंच्याण्णव गुणांची माणसे एकाच गटात येतात. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यावर अनेकांचा प्रकार बदलतो, तो मुख्यतः यामुळेच.

पेढीवर माणूस नेमताना प्रकार बाजूलाच ठेवावा; मायर्स-ब्रिग्ज चाचणीचे प्रकाशकही ती निवडीसाठी वापरू नये असे सांगतात. हिशेबाच्या कामासाठी कर्तव्यदक्षतेचे गुण पाहावेत, पण तेवढ्यावर निर्णय न घेता ‘शेतकऱ्याची हिशेबपट्टी करताना वजनात तफावत आढळली, तेव्हा आपण काय केलेत?’ असा प्रत्यक्ष वागणुकीचा प्रश्न विचारावा. गप्पांना विषय म्हणून प्रकार ठीक आहेत, त्यात गैर काही नाही.

गुणविशेषांचे आकडेही डोळे झाकून स्वीकारू नयेत. चाळीस जणांच्या पुढे म्हणजे नेमक्या कोणाच्या पुढे, हे चाचणी घेणाऱ्याला विचारावे. तुलनेचा गट परदेशी विद्यार्थ्यांचा असेल, तर तो आकडा सांगलीतल्या पन्नाशीच्या दिवाणजींना जसाच्या तसा लागू करता येत नाही.