स्ट्रोकच्या पेशंटला चालतं करताना: नव्या इंटर्नसाठी थोडं

न्यूरो पोस्टिंगला आलेला नवा इंटर्न हमखास पेशंटला खाटेवर झोपवून पाय वर-खाली करत बसतो. नातेवाईकही खूश, काहीतरी चाललंय असं दिसतं ना! पण पेशंट चालायला हवा असेल तर सेशनचा बराचसा वेळ तो पायावर हवा. अमेरिका-कॅनडातल्या 2009 च्या एका पाहणीत चालण्याचा सराव झालेल्या सेशनमधली पावलं मोजली, तर सरासरी 357 भरली. इतकीच! आपल्या वॉर्डात मोजून बघा.

मात्र घाईही नको. अव्हर्ट चाचणीत (2015) पहिल्या 24 तासांतच वारंवार उठवून चालवलेल्यांचे निकाल नेहमीच्या उपचारापेक्षा वाईट आले. आधी डॉक्टरांना विचारा, बीपी बघा, मग उभं करा.

पहिल्याच दिवशी वेग मोजून ठेवा. कॉरिडॉरमध्ये 10 मीटरला चिकटपट्टी लावा, दोन्ही टोकांचे 2 मीटर सोडा आणि मधल्या 6 मीटरला मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. 15 सेकंदांहून जास्त लागले तर वेग सेकंदाला 0.4 मीटरच्या खाली, म्हणजे चालणं साधारण घरापुरतंच. साडेसात सेकंदांच्या आत आला तर बाजारात जाण्याची भाषा करायला हरकत नाही.

आता चाल बघा. सगळे लुळा पाय बघतात. तुम्ही चांगला पाय बघा. तो लुळ्या पायाच्या बरोबरीला येऊन थांबतो की पुढे पडतो? पुढे पडत नसेल तर लुळ्या पायावर भार घ्यायला पेशंट बिचकतोय. अशा वेळी ‘पाय उचला, पाय उचला’ ओरडून काही होत नाही. समोर बुटका स्टूल ठेवा आणि चांगलं पाऊल त्यावर टेकवून खाली घ्यायला सांगा. तेवढा वेळ सगळा भार लुळ्या पायावर येतो. गुडघा मागे जातोय का, यावर डोळा हवा. पाऊल लोंबत असेल तर एएफओचं, म्हणजे घोटा-पाऊल सावरणाऱ्या आधाराचं, लवकर बोला. आणि हवाई चप्पल वॉर्डाबाहेर!

उभे राहा लुळ्या बाजूला, धरा कमरेच्या बेल्टला. लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळायला आलेला असतो. हे मावशींना आणि मुलालाही सांगा, कारण ओढतात तेच.

ट्रेडमिल नाही म्हणून हळहळू नका. लीप्स चाचणीत (2011) पट्ट्याने वजन पेलून ट्रेडमिलवर चालवलेले पेशंट आणि घरी फिजिओने व्यायाम करून घेतलेले पेशंट वर्षअखेरीस सारखेच सुधारले होते. सहा महिने उलटलेल्या पेशंटला तर दम लागेल असं चालवावं, असं 2020 ची अमेरिकन मार्गदर्शिका सांगते. फक्त बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) चालू असेल तर नाडीवर विसंबू नका, बोर्ग स्केल वापरा, म्हणजे किती दमल्यासारखं वाटतंय ते पेशंटलाच आकड्यात सांगायला लावा.

डिस्चार्जच्या वेळी छापील कागद हातात देऊन मोकळं होण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. नातेवाईकांना शिकवून घरी व्यायाम करून घेण्याची अटेंड चाचणी भारतातच झाली, 14 रुग्णालयांत, 1250 पेशंटवर. 2017 मध्ये निकाल आला तेव्हा नेहमीच्या उपचारापेक्षा फरक दिसला नाही. त्यामुळे सगळं घरच्यांवर न सोपवता फॉलोअपची तारीख पक्की करूनच सोडा. त्याआधी मुलाला घरच्या उंबऱ्याचा, जिन्याचा, संडासाचा व्हिडिओ काढून आणायला सांगा आणि तेवढ्याच उंचीची फळी ठेवून वॉर्डातच सराव घ्या.