थायरॉईडच्या सोनोग्राफीला किंवा स्कॅनला निघण्याआधी

फाइलमध्ये सगळ्यात वर टीएसएचचा ताजा रक्ताचा रिपोर्ट लावा. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉईड मंदावली की ते वाढतं, जोरात चालली की कमी होतं. तो नसेल तर आधी तो करून घ्या, कारण पुढचं बरंचसं त्या आकड्यावर ठरतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा; त्यांच्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो.

टीएसएच वाढलेला आहे आणि डॉक्टरांनी गळा चाचपला तेव्हा गाठ किंवा सूज लागली नाही, तर सोनोग्राफी कशासाठी, हे सरळ विचारा. गोळीचा डोस रक्तावरून ठरतो. उगाच केलेल्या सोनोग्राफीत चार-पाच मिलिमीटरची निरुपद्रवी गाठ निघते आणि घरात कोणाला जेवण जात नाही. दक्षिण कोरियात निरोगी माणसांच्या गळ्यांची सर्रास सोनोग्राफी होऊ लागली. १९९३ ते २०११ या काळात तिथे थायरॉईड कॅन्सरचं निदान १५ पट झालं, त्याने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले.

गाठ हाताला लागत असेल तर सोनोग्राफी हवीच. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही की भरपूर पाणी पिऊन जावं लागत नाही. बंद गळ्याचा कुर्ता टाळा, मंगळसूत्र घरी ठेवा, जुना रिपोर्ट न्या. नव्या रिपोर्टवर गाठीचं माप आणि टायरॅड्सचा दर्जा (गाठ कितपत संशयास्पद आहे ते सांगणारा, टीआर-१ ते टीआर-५) आहे ना, हे तिथेच बघून घ्या. गाठीतल्या पेशी तपासायला सुई टोचायची की नाही ते त्यावर ठरतं: टीआर-३ असेल तर अडीच सेंटिमीटरपासून, टीआर-५ असेल तर एक सेंटिमीटरपासून.

न्यूक्लिअर स्कॅनची (टेक्नेशियम या किरणोत्सर्गी औषधाचं इंजेक्शन देऊन ग्रंथी ते किती घेते हे बघायची) पाळी येते ती टीएसएच खाली गेला की. सगळी ग्रंथी जोरात चालली आहे, एकच गाठ जास्त काम करते आहे, की सुजलेल्या ग्रंथीतला साठा रक्तात सांडतो आहे, हे त्यात कळतं. शेवटच्या प्रकारात निओमर्कॅझोलचा, म्हणजे ग्रंथीचं काम कमी करणाऱ्या गोळीचा, उपयोग नसतो, म्हणून हा फरक महत्त्वाचा. ग्रेव्हजची (सगळी ग्रंथी जोरात चालवणाऱ्या आजाराची) अँटिबॉडी रक्तात सापडली असेल तर स्कॅनशिवाय भागेल का, तेही विचारून घ्या.

आता खरी मेख. गेल्या दोन महिन्यांत कॉन्ट्रास्टचा (शिरेतून आयोडीनचं औषध देऊन केलेला) सीटी किंवा अँजिओग्राफी झाली आहे का, ते आठवा. त्यातलं आयोडीन ग्रंथीत ठाण मांडून बसतं आणि मग स्कॅनचं औषध ग्रंथी घेत नाही. आमच्या मावशीच्या फॉर्मवर ‘सीटी झाला का’ असा रकाना होता. आम्ही ‘नाही’ लिहिलं, कारण सीटी छातीचा होता, गळ्याचा नव्हता! पडद्यावर दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथी लख्ख उमटल्या आणि मधली फुलपाखराच्या आकाराच्या थायरॉईडची जागा कोरी. दोन महिन्यांनी पुन्हा हेलपाटा. हृदयासाठी अमिओडॅरोन चालू असेल तर त्याचा परिणाम कित्येक महिने राहतो, तेही लिहा. थायरॉईडची कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मनाने बंद करू नका.

दिवस गेल्याची शंका असेल तर इंजेक्शनआधीच बोला. बाळ अंगावर पीत असेल तर किती तास पाजायचं नाही तेही विचारा. टेक्नेशियमचं प्रमाण सहा तासांत निम्मं होतं, त्यामुळे संध्याकाळी घरी येता येतं. इंजेक्शननंतर साधारण वीस मिनिटांनी खांद्याखाली उशी घालून मान मागे टाकायला लावतात. मणक्याचा त्रास असेल तर झोपण्याआधीच सांगा.