नागपूरचं जुनं रॉक शोधायचंय? जिल्हाधिकारी कार्यालयात जा

जुन्या बॅण्डवाल्यांना गाठलं की किस्से भरपूर मिळतात, तारखा मिळत नाहीत. तारीख टिकते ती पैशाच्या कागदावर. जुलै २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत तिकीट लावलेल्या कार्यक्रमावर करमणूक शुल्क होतं आणि ते वसूल करणं जिल्हाधिकाऱ्यांच्या करमणूक शाखेचं काम होतं. म्हणून पत्ता सिव्हिल लाइन्सचा.

पण थेट जाऊन ‘रॉकची फाइल दाखवा’ म्हणालात तर हात हलवत परत याल. आधी वाचनालयात बसून महिना ठरवा. ‘हितवाद’ आणि ‘नवभारत’, दोन्हींच्या बांधीव फायली मागा. एकात नसलेली जाहिरात दुसऱ्यात सापडू शकते. डिसेंबर ते फेब्रुवारी आधी चाळा, गॅदरिंगचा मोसम तोच. वर्षांचा अंदाज हवा तर ‘सिमला बीट’ या बॅण्ड-स्पर्धेच्या एलपी (तबकड्या) १९७० आणि १९७१ च्या, मुंबईचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव १९८६ पासूनचा. या दोन लाटांच्या आसपास सुरुवात करा. नजर बातमीवर नको, करमणुकीच्या पानावरच्या छोट्या जाहिरातींवर ठेवा. तिथे ‘म्युझिकल नाइट’, ‘बीट ग्रुप’, ‘ऑर्केस्ट्रा’ असे शब्द येतात. हिंदी गाण्यांचे ऑर्केस्ट्राही त्याच नावाखाली, तेव्हा वाद्यांची आणि कलाकारांची नावं वाचल्याशिवाय उतरवून घेऊ नका. सभागृह, तारीख, आयोजक आणि तिकिटाचे दर मात्र नक्की टिपा.

मग माहिती अधिकाराचा अर्ज, नमुना ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘१९७०च्या दशकातली सगळी माहिती’ मागू नका. असं लिहा: ‘जानेवारी १९७२ मध्ये नागपूर शहरातील अमुक सभागृहात झालेल्या तिकीट कार्यक्रमांची करमणूक शुल्क नोंदवही व नस्त्या, अवलोकन हवे.’ नस्ती म्हणजे सरकारी भाषेत फाइल. ‘अवलोकन’ हा शब्द विसरू नका. नस्ती डोळ्यांनी पाहून हवी तीच पानं निवडता येतात, पानाला २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पहिलं अपील.

खरी अडचण अभिलेखाच्या, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या वर्गवारीची. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवतात, ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ १० वर्षं. त्याखालचे तर लवकरच रद्दीत जातात. ‘नस्ती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या अर्जात नाशनाची नोंद, म्हणजे नष्ट केलेल्या नस्त्यांची यादी मागा. यादीत निदान नस्तीचा विषय आणि वर्ष मिळण्याची शक्यता असते. तेवढ्यावरही वर्तमानपत्रात पुन्हा शोधता येतं.

नस्ती मिळालीच तर धर्मादाय कार्यक्रमांची आधी उघडा. शुल्कमाफी हवी तर जमाखर्च दाखवावा लागे, त्यामुळे बॅण्डचं मानधन, लाउडस्पीकरचं भाडं, सभागृहाची पावती असले कागद तिथेच सापडण्याची आशा जास्त. साध्या नस्तीत आयोजकाचं नाव असतं, बॅण्डचं असेलच असं नाही. कॉलेजच्या फुकट कार्यक्रमांचा इथे मागमूसही नसतो. त्यासाठी कॉलेजचं वार्षिक नियतकालिक बघावं लागेल.

परवानगी घेतली म्हणजे कार्यक्रम झालाच असं धरू नका. दुसऱ्या दिवशीचा अंक काढून वृत्तान्त किंवा ‘कार्यक्रम रद्द’ची चौकट तपासा, मगच तारीख पक्की म्हणा.